सहा हॉर्सपॉवरची जुनी मोटर

ज्याने कोणी ती मोटर विकली, त्याला मी खुनीच म्हणतो. तिने आधीच्या मालकाला पाण्यात चिरलं होतं, हे मला मागाहून कळलं, त्याला आधीच ठाऊक होतं. तरी ती धुतली, पुसली, वर निळा रंग मारला आणि दुकानात टांगली. हसू नका रे. भुताची गोष्ट हवी ना तुम्हाला? मग आधी माणसांची ऐका.

माझ्या शेजारी दोघे भाऊ राहायचे, थोरला आणि धाकटा. सगळे त्यांना तशीच हाक मारायचे. वीस फुटी होडी, मागे साठ हॉर्सपॉवरचं धूड. पण त्यांना गळ ओढत मासे धरायचे होते. म्हणजे मागे दोन लांब दोऱ्या सोडायच्या आणि माणूस रमतगमत चालतो तेवढ्याच वेगाने होडी न्यायची. मोठी मोटर इतकं हळू चालत नाही. गुदमरते, प्लग काळे पडतात. म्हणून तिच्या शेजारी एक लहान मोटर लावायची. होड्या दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, तेव्हा निवडायला मला घेऊन गेले.

दुकानात मोटरी खुंटीवर कोट टांगावेत तशा टांगलेल्या. चारची वाऱ्यापुढे कमी पडली असती, दहाची जड झाली असती. सहा हॉर्सपॉवरची एक जुनी पाहिली, निळ्या रंगाची, लांब दांड्याची. दांडा आखूड असला की लाटेवर पंखा पाण्याबाहेर येतो आणि मोटर नुसती किंचाळते. मी टेप लावून तीनतीनदा मोजलं.

"काका, वहिनीला बघायला गेलो तेव्हा दादाने एवढं पाहिलं नव्हतं," धाकटा म्हणाला.

"तेव्हा पाहिलं नाही, म्हणून तर आता पाहतोय," थोरला म्हणाला. दुकानदारही हसला.

दुसऱ्या दिवशी मी ती मागच्या फळीवर डावीकडे बसवली. आरपार चार बोल्ट, आतून पोलादी पट्टी. हत्ती लोंबकळला तरी सुटणार नाही, असं छाती ठोकून सांगितलं.

आता ऐका. अशा मोटरीला एक लाल दोरी असते. एक टोक आपल्या मनगटाला, दुसरं मोटरीच्या बटणात. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि मोटर जागच्या जागी बंद पडते. या मोटरीला दोरी नव्हती. बटणाखाली कोणीतरी तारेचा तुकडा वाकवून कायमचा कोंबला होता. तुम्ही सगळे हेच करता, मला माहीत आहे. गळ सोडताना दोरी मध्ये मध्ये येते म्हणे.

"मग तुम्ही काढली नाहीत ती तार?"

नाही काढली. मी पाव पाव इंच मोजत बसलो… आणि ती तार पाहून गप्प राहिलो.

सत्तावीस नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं झालेली. चांदणं असं, की गळाची गाठसुद्धा दिसावी. वारा नाही. धाकटा मागे मोटरीची मूठ धरून, थोरला पुढे डबा उघडत होता.

"दादा, ही मोटर डावीकडे ओढतेय."

"तुझा हात जड आहे. सरळ धर."

"मी नाही ओढत…"

मूठ त्याच्या हातातून हिसकली. होडी गर्रकन वळली. थोरला तोंडावर आपटला, पुढचे दोन दात गेले. उठून पाहतो तर मागे कोणी नाही. मोटर पूर्ण वेगात. आणि होडी गोल गोल फिरतेय… भावाभोवती.

पहिल्या फेरीत ती त्याच्या पायावरून गेली. दुसऱ्या फेरीत मांडीवरून. थोरल्याला किंकाळी ऐकू आली, मग पंखा कशाला तरी लागल्याचा आवाज. पाणी काळं झालं.

त्याने मूठ ओढली. हलेना. तार उपसून फेकली. बंद होईना. पेट्रोलची नळीच तोडली. नळी तुटल्यावर उरलेल्या थेंबांवर एखादं मिनिट चालते मोटर, ते मीही जाणतो. ही थांबली नाही. तो मिनिटं मोजत नव्हता, फेऱ्या मोजत होता. अकरा फेऱ्या…

मग त्याने लोखंडी नांगर उचलला आणि मोटरीच्या डोक्यात घातला. एकदा. दोनदा. टोपण फुटलं, आतलं चाक त्याची दोन बोटं घेऊन गेलं. तो मारतच राहिला. गरम तेल तोंडावर उडालं. मोटर कुत्र्यासारखी गुरगुरली.

आणि थांबली.

शांतता.

होडी वाहत वाहत धाकट्याकडे गेली. थोरल्याने वाकून पाहिलं.

पाण्यात दोन डोकी होती.

एक धाकट्याचं, मान मागे टाकलेलं. दुसरं त्याच्या मागे, अगदी चिकटून. त्या चेहऱ्यावर सारख्या अंतराने तिरपे घाव. खोल. पण रक्त नाही. जुने असावेत तसे पांढरे पडलेले… डोळे उघडे.

"सोड त्याला!" थोरला ओरडला.

ते आणखीच चिकटलं.

"सोड म्हणतो ना!"

त्याने वल्हं उगारलं आणि त्या तोंडावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. ते सोडेना. पुन्हा हाणलं. तरी नाही. तिसऱ्यांदा वल्हंच मोडलं. तेवढ्यात धाकट्याचा हात होडीच्या काठाला लागला. थोरल्याने मनगट धरलं, जिवाच्या आकांताने ओढलं, आत घेतलं.

मागे वळून पाहिलं…

नुसतं पाणी.

मोठी मोटर चालू करून थोरल्याने होडी किनाऱ्याला आणली. तिथून आम्हीच धाकट्याला दवाखान्यात नेलं. वाटेत थोरला मला हे सगळं सांगत होता, तोंडातून रक्त गळत होतं. "काका, ते त्याला खाली ओढत होतं. पण मी सोडलं नाही. मारून मारून हाकललं त्याला." डॉक्टरांनी दोन तास टाके घातले. धाकटा वाचेल म्हणाले. पाय राहील की नाही, ते सकाळी सांगू म्हणाले. थोरला तिथेच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग नर्सबाई बाहेर आल्या. धिप्पाड बाई, तासन्‌तास उभं राहून पाय दुखत असावेत. त्यांनी आम्हाला आत बोलावून धाकट्याला कुशीवर वळवलं. दोन्ही काखांत बोटांचे वळ, निळे-काळे. पाठीवर दोन अंगठे उमटलेले.

"तुम्ही मनगट धरून ओढलंत ना? मग हे हात तुमचे नाहीत," त्या म्हणाल्या. "याला कोणीतरी खालून बराच वेळ उचलून धरलं होतं, पाण्याच्या वर. एवढं रक्त गेल्यावर तो स्वतःहून तरंगला नसता. कुठे बसवलंय त्या माणसाला? त्यालाही आत आणा, लागलं असेल."