विक्की कार्डवाल्याची हरवलेली गिऱ्हाइकं

"अरे, सावली पडून राहिली ना त्याच्यावर! बाजूला हो!" रुचिका ओरडली.

"माही नाही, तुह्या वेणीची सावली हाय ते!" खुमेंद्रही काही कमी नव्हता.

"दोघंही चूप बसा! आणि कार्ड कडेनं धरा. मधात बोट लावायचं नाही, किती वेळा सांगू?" ओमेश्वरीने दोघांना दटावलं, तेव्हा कुठे फोटो निघाला.

कामठ्याला रामलाल बिसेनांच्या ओसरीवर दिवाळीच्या सुट्टीतली पहिली सकाळ अशी भांडणात सुरू झाली होती. ओमेश्वरी रामलालची लेक, आठवीतली. रुचिका तिच्याच वर्गातली, शेजारच्या घरातली. आणि खुमेंद्र ओमेश्वरीचा आतेभाऊ, चिचगडहून सुट्टीला आलेला. तो बसमधून उतरला तेव्हा रामलाल रस्त्यातच वाकून त्याच्या पाया पडले होते. इकडे भाचा म्हणजे देवच. मामा पाया पडतो आणि भाच्याचं मागणं मोडत नाही. सातवीतल्या या देवाच्या तोंडात तेव्हा अर्धा केळ्याचा वेफर होता आणि तो लाजून लाल झाला होता.

ओसरीच्या खिडकीत मांडलेली कार्डं ओमेश्वरीच्या दादाची होती. च्युइंगगमच्या पाकिटातून निघालेली जुनी क्रिकेटची कार्डं, कबड्डीपटूंची, हॉकीची, कुठून कुठून मिळवलेली परदेशी फुटबॉलवाल्यांची. विक्कीदादा मोबाइलवर त्यांचा लिलाव करायचा. ग्रुपचं नाव 'विक्की कार्डवाला'. रविवारी फोटो टाकायचा, लोक बोली लावायचे, ज्याची बोली सर्वांत मोठी त्याच्या घरी पोस्टाने कार्ड जायचं. जबलपूर, राजनांदगाव, अमरावती, कुठले कुठले लोक होते. छोटंसंच दुकान, पण दादा त्यात राजासारखा मिरवायचा.

होळीच्या आधी दादाला ताप आला आणि तो त्या तापातच गेला. बावीस वर्षांचा दादा असा कसा जाऊ शकतो, हे ओमेश्वरीला अजूनही कळलेलं नव्हतं. कुणी समजावून सांगितलं तरी तिला ते नको होतं. ग्रुपवर तिनेच लिहिलं होतं, 'दादा गेला. आता दुकान मी चालवणार. मी त्याची बहीण.'

उन्हाळाभर ते चाललंही. पण पावसात रोवणे, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली त्या सुमारास गिऱ्हाइकं एकेक करून गप्प झाली. आता रविवारी फोटो टाकला की दिवसभर कुणी हूं की चूं करत नव्हतं. शेवटी बाबूजींनी सांगून टाकलं होतं, "भाऊबीज झाली का रायपूरचा व्यापारी येऊन कार्डांचे सारे डबे घेऊन जाईल. कायले जीव जाळत बसतेस, माय?"

डबे गेले की दादाचं घरात काय उरणार होतं? दारामागचा एक शर्ट. बस.

"म्हणून गिऱ्हाइकं वाढवायची!" रुचिका म्हणाली. ती दिसायला किडकिडीत, पण डोकं वकिलाचं. "फोटो सकाळच्या उजेडात. पुढून, मागून, चारही कोपरे. आणि रविवारी संध्याकाळी सारे कबड्डी पाहून राहतात, तर लिलाव दुपारीच."

"आणि प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी लिहायच्या," ओमेश्वरी म्हणाली. "दादाला ते कुठं भेटलं ते. तो बोलता बोलता सांगायचा, आपण लिहू."

युक्ती लागू पडली! त्या रविवारी ग्रुपवर चक्क चढाओढ झाली. खुमेंद्र तर ओसरीवर नाचलाच. पण रुचिका नाचली नाही. ती मोबाइल डोळ्यांशी धरून जुने संदेश वर वर सरकवत बसली.

"ओमे, एक गंमत पाह्य," ती हळूच म्हणाली. "आज बोली लावणारे सारे नवे हायत. रोवण्यापासून ज्यानं ज्यानं कार्ड घेतलं, तो परत आलाच नाही. एकही नाही!"

"दादाच्या वेळी तर तेच तेच यायचे!"

"मंग कार्ड विकल्यावर असं होते तरी काय?" खुमेंद्रने डोकं खाजवलं.

"काय होणार? मी पाकिटात घालते, पुठ्ठा लावते, टेप लावते. बाबूजी पोस्टात टाकतात. कार्ड पोचते."

"पोचते ना? पण कसं पोचते, हे आपण पाह्यलं काय?" रुचिकाचे डोळे चमकले. "माही शामकला मावशी गोंदियाला राहते. तिच्या नावानं आपणच एक कार्ड घेऊ!"

ठरलं! मावशीच्या फोनवरून बोली लागली, पाकीट नेहमीसारखं बाबूजींच्या हाती गेलं, आणि दिवाळीला शामकला मावशी ते न उघडता पिशवीत घालून कामठ्याला घेऊन आली. "पोट्ट्यांनो, बॉम्ब तर नाही ना याच्यात?" असं विचारायला ती विसरली नाही.

पाकीट हातात घेताच खुमेंद्र ओरडला, "ओमे, तुही टेप पांढरी असते ना? हे पाह्य, खाकी! हे पाकीट कुणीतरी फोडून परत चिकटवलं!"

ओमेश्वरीने ते उघडलं. आत कार्ड होतं. हरवलं नव्हतं, बदललं नव्हतं. पण त्याच्याभोवती चारी बाजूंनी जाड, चकचकीत प्लास्टिक होतं. आपण आधार कार्डाला करतो ना, तस्सं लॅमिनेशन!

"बरंच झालं की! पक्कं झालं," मावशी म्हणाली.

"पक्कं नाही, मावशी. मेलं ते!" ओमेश्वरीला रडूच फुटलं. "गरम प्लास्टिक कागदाला चिकटते. मग ते कधीच निघत नाही. दादा म्हणायचा, शौकीन लोकांसाठी असं कार्ड म्हणजे रद्दी. त्यांनी हौसेनं बोली लावली, आणि आपण त्यांना रद्दी पाठवत होतो!"

कामठ्यात लॅमिनेशनचं यंत्र एकच, पोस्टाजवळच्या खेमराजकाकाच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात. तिघं सायकली काढून सुसाट निघाली. दुकानात शिरताच समोर टेबलावर खाकी टेपचं भेंडोळं दिसलं!

"काका, आमच्या कार्डाचं लॅमिनेशन तुम्ही करता का जी?" रुचिकाने सरळच विचारलं.

खेमराजकाकाने पंख्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. "कोणते कार्ड? मले नाही मालूम. जा, मले काम हाय."

मोठी माणसं खोटं बोलताना इतकी वाईट बोलतात, की त्यांना कुणीतरी शिकवायला हवं. खुमेंद्र दाराबाहेर सायकली सांभाळत होता, काकाने त्याला पाहिलंच नव्हतं. तासाभराने तो एकटाच आत गेला. दोघी दाराबाहेर चहाच्या टपरीआड लपल्या. खुमेंद्रने भोळा चेहरा करून एक कार्ड टेबलावर ठेवलं.

"काका, हे घरून पाठवलं. म्हणे नेहमीवाणी करून दे."

"दे," काका यंत्राचं बटण दाबत म्हणाला. मान वर न करताच पुढे बोलला, "आज रामलालभाऊ सोता नाही आले? धान कापून राहिले असतील."

खुमेंद्रने झडप घालून कार्ड उचललं. ओमेश्वरी दारात उभी होती. खेमराजकाकाने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बेटा," तो कसाबसा म्हणाला, "मले विक्कीनं सांगितलं होतं, असं करायचं नसते म्हणून. पण तुह्या बापाले कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

ओमेश्वरीने पुढचं ऐकलंच नाही. बाबूजी! दुकान बंद पडावं म्हणून बाबूजींनीच हे केलं! तिने सायकल खळ्याकडे पिटाळली. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी कानांकडे वाहत होतं. दादाचा राग आला, बाबूजींचा आला, साऱ्या जगाचा आला.

खळ्यावर रामलाल धानाचे भारे रचत होते. तिने ते लॅमिनेशन केलेलं कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

"काऊन केलं, बाबूजी? दादाचं दुकान बुडवायचं होतं तर मले सरळ सांगायचं होतं!"

रामलालनी कार्डाकडे पाहिलं. हात धोतराला पुसले आणि ते भाऱ्यावर बसले.

"रोवण्याच्या वक्ती त्याचा फोटो माह्या खिशात होता," ते म्हणाले. "कॉलेजातला, कागदावरचा. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून राहिलो, वरून पाणी, खालून पाणी. सांजच्याला काढून पाह्यलो, तं तोंडच नाही. सारा रंग वाहून गेला. एकदा देवानं नेला, आणि दुसऱ्यांदा मी घालवलो."

ओमेश्वरीच्या हातातलं कार्ड खाली आलं.

"मंग म्हटलो, त्याच्या हाताची जे वस्तू घराबाहेर जाईल, ते पक्की करून धाडू. कुणाच्याही घरी पाण्यानं जाऊ नये. तुले सांगितलं असतं तं तू रडली असतीस. म्हणून नाही सांगितलो. गलत झालं का, माय?"

भांडायला आलेली पोर बापाच्या कुशीत शिरली आणि दोघंही हुंदके देऊन रडली. मागून धापा टाकत आलेले खुमेंद्र आणि रुचिका खळ्याच्या कडेला उगाच धान निवडल्यासारखं करत उभे राहिले. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते.

पण रुचिकाचं वकिली डोकं थांबलं नव्हतं. "एक समजत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "इतकी कार्डं खराब गेली, तर एकानंही तक्रार काऊन नाही केली?"

ओमेश्वरीला एकदम उमगलं. "मी लिहिलं होतं ना, दादा गेला म्हणून! खेमराजकाकावाणीच सारे. मले सांगायची कुणाची हिंमतच झाली नाही. सारे दया करून चुपचाप निघून गेले!" तिला पुन्हा संताप आला. दयेने दुकान चालत नाही, हे या मोठ्या माणसांना कळत कसं नाही?

"तर मग आपणच सांगून टाकू! सर्वांसमोर," खुमेंद्र म्हणाला आणि मामासमोर जाऊन उभा राहिला. "मामाजी, मी कधी काही मागितलं नाही. आता मागतो. भाऊबिजेला लिलाव ठेवू, त्यात तुम्ही सोता बोला."

"मी? त्या फोनमंदी? मले नाही जमत, भाचेबुवा!"

"भाच्याले नाही म्हणता?"

रामलाल हरले. देवाला नाही कसं म्हणणार!

भाऊबीज उजाडली. ओमेश्वरीने आरतीचं ताट काढलंच नव्हतं. खुमेंद्र न सांगता येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "मी दादा नाही, मले मालूम हाय. पण बसू दे." तिने त्याला ओवाळलं. मुन्नीबाई, म्हणजे ओमेश्वरीची आई, चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

दुपारी ग्रुपवर सर्वांना व्हिडिओ कॉलला बोलावलं. रुचिकाने फोन धरला आणि रामलाल समोर बसले. टोपी तीनदा सरळ केली.

"मी विक्कीचा बाप," ते म्हणाले. "तुमचे कार्ड मी खराब केलो. पोरीनं नाही. तिले मालूमच नव्हतं. मले वाटलं, प्लास्टिकात ठेवलं तं जपून राहते. ज्याचं ज्याचं खराब झालं त्यानं सांगा, बदल्यात दुसरं धाडू. पण पोरीवर राग धरू नका जी."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग टुण! टुण! टुण! जबलपूरच्या एका काकांनी लिहिलं, 'भाईसाहब, हमें पहले दिन से मालूम था. बिटिया से कहने की हिम्मत नहीं हुई. वो कार्ड हम नहीं लौटाएँगे.' राजनांदगावहून आलं, 'मीही परत देणार नाही. आता लिलाव सुरू करा!' गप्प झालेली सारी गिऱ्हाइकं एकामागून एक परत येत होती. खुमेंद्र नावं वाचता वाचता घसा बसवून घेत होता.

लिलाव असा रंगला की विचारू नका! शेवटचं कार्ड रामलालनी स्वतः निवडलं, एका कबड्डीपटूचं. "पाच वर्षांचा होता. मेळ्यात हट्ट धरून घेतला. माह्याच खांद्यावर बसला होता," ते सांगत होते आणि बोली चढत होती. चढता चढता ती जबलपूरच्या काकांपाशी थांबली.

गावातल्या तळ्याच्या मासेमारीच्या लिलावात करतात तशी रामलालनी हाक दिली.

"एक वार!"

कुणी पुढे गेलं नाही.

"दोन वार!"

आणि ते थांबले. कार्ड हातात तसंच. खुमेंद्र काही बोलणार तोच रुचिकाने त्याचा हात दाबला. ओमेश्वरीने बाबूजींकडे पाहिलं. तिलाही ते कार्ड द्यायचं नव्हतं. एकही कार्ड कधीच द्यायचं नव्हतं. पण दादाचं दुकान उघडं ठेवायचं, तर दादाची वस्तू हातातून सोडावी लागणार होती.

"तीन वार!" ती ओरडली. शेवटच्या अक्षरावर आवाज फाटला.

"वा रे पोरी!" दारात येऊन उभा राहिलेला खेमराजकाका ओरडला. "आजपासून तुह्या पाकिटाले माही टेप लागणार नाही, कान पकडतो!" शामकला मावशीने तिघांच्याही डोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "मोठ्यांना जे बोलता आलं नाही, ते या पोट्ट्यांनी बोलून दाखवलं!" रामलालनी तिथल्या तिथे रायपूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "भाऊ, येऊ नका. दुकान सुरू हाय."

मग त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठी झालीस, माय. विक्कीनं केलं असतं तसंच केलीस."

सगळे हसत होते. ओमेश्वरीला मात्र हसता आलं नाही. "मले नाही व्हायचं मोठं," ती म्हणाली. "मले दादा पाहिजे, बाबूजी."

"मलेबी पाहिजे," रामलाल म्हणाले.

मुन्नीबाई आतून आली आणि दोघांच्या मध्ये बसली. मग तिने ते कबड्डीचं कार्ड कडेने उचललं, साध्या पाकिटात घातलं आणि जबलपूरचा पत्ता लिहायला ओमेश्वरीच्या हातात पेन दिलं.