भिंतीकडे तोंड

दौलतला दुपारी निजामपुऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा त्याच्या कानामागे हळद होती. आदल्या संध्याकाळी खारबावला त्याच्या मुलीची, ऋतिकाची, हळद झाली होती. आता त्याला धाप लागली होती, पोटात कळा येत होत्या आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं होतं.

"काय प्यायलात?" मी विचारलं.

"कायपण न्हाय, डॉक्टर. जेवण बाधलं."

त्याची बायको कमळा आणि ऋतिका मान खाली घालून उभ्या होत्या. मी दोघी मायलेकींना बाहेर पाठवलं.

"जेवणाने डोळ्यांपुढे पांढरं होत नाही. मिथेनॉल पिताना दारूसारखंच लागतं," मी म्हणाले. "पण आपलंच यकृत त्याचं विष करतं. आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल. लाल मुंगीच्या डंखात असतं ते. ते रक्तात साठतं, पेशींचा श्वास कोंडतं, डोळ्यांची नस मारतं. यकृताला वेळेत अडवता येतं. म्हणून विचारतेय."

तो रडायला लागला.

"बाटल्या संपल्या. पावण्यांत लाज जाईल म्हणून मी कामाला हाय त्या गोदामातल्या कॅनमधलं स्पिरिट काढलं."

"अजून कोणाला दिलंत?"

"कोणाला न्हाय. मी एकटाच."

मी उतारा सुरू केला. बाहेर कापड विणणाऱ्या लूमची खडखड चालू होती. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "त्याला बाहेर जायला सांगा."

"कोणाला?"

"चिंधूदादाला. भिंतीकडं तोंड करून उभा हाय."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"तुम्हाला दिसतंय?"

"बाकी सगळं पांढरं. तो तेवढा दिसतोय." त्याने हातांनी तोंड झाकलं. "माझा मोठा भाऊ. नको म्हणत होता. मीच गळ घालून पाजली."

मी कमळाला आत बोलावून चिंधूच्या घरी फोन लावायला, स्पीकरवर ठेवायला सांगितला. चिंधूच्या बायकोने, आनंदीबाईने, उचलला.

"झोपलेत की. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून."

"उठवा त्यांना. आत्ता," मी म्हणाले.

बांगड्या वाजल्या. मग थांबल्या.

"गार पडलेत गो," ती म्हणाली.

कमळाच्या हातातून फोन सुटला.

दौलतने डोळे मिटले नाहीत.

"वळला," तो म्हणाला.

मग कण्हत, कसाबसा, तो खाटेच्या कडेला सरकला.

"बस, दादा."

रिकाम्या बाजूची गादी हळूहळू खाली दबली.