बदली हवी

ऑफिसात मी अर्ज घेऊन गेले तेव्हा खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात टेबलाखालून एक हात वर आला, चाचपडला आणि माझा अर्जच ओढून घेऊन गेला. पाठोपाठ क्लार्क जयराम शिरसाठ वर आले. मुठीत सांडलेल्या टाचण्या, नाकावर कार्बनची निळी रेघ.

"कशासाठी, अहो?"

"बदली हवी."

सगळं हॉस्पिटल मला सिस्टर म्हणतं. यांनी तो शब्द टाळून 'अहो' म्हटलं आणि मी उगीचच पदर सारखा केला.

त्यांनी अर्ज वाचला. 'घरगुती कारणामुळे मला एक तारखेपासून बदली मिळावी.' एवढंच होतं. त्यांचा चेहरा पडला.

"घरगुती... म्हणजे ठरलं तर."

"ठरवलंय," मी म्हणाले. वॉर्ड सोडायचं मी ठरवलंच होतं.

कारण 'घरगुती' लिही, असं आमच्या हेड सिस्टर यशोदाबाईंनी सांगितलं होतं. कॅन्सर वॉर्डातून जाणारी प्रत्येक जण तेच लिहायची. चौऱ्याऐंशी साली, एका वर्षात, चौघी सिस्टर सोडून गेल्या होत्या. खरं कारण मी कसं लिहिणार? माझ्या पेशंट कुसाबाई वारल्या, त्यांनी शेवटी माझा हात धरला होता, आणि अर्ध्या तासात मी चादर बदलून पोहे खाल्ले. डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या आतलं सगळं आटून गेलंय, याची मला फार भीती वाटत होती.

त्यानंतर शिरसाठ कशाकशावर सह्या घ्यायला वॉर्डात येऊ लागले. कधी चिवड्याची पुडी ठेवून जायचे. बघायचे, मग खिडकीकडे बघायचे.

"नाशिक सोडणार?"

"छे, सोडायचं कशाला? इथेच राहणार."

"अच्छा... इथलेच आहेत."

"कोण?"

ते सह्यांचे कागद गोळा करून निघून गेले. माझी सलाइनची बाटली हातातच राहिली. हा मनुष्य रागावलाय की लाजतोय? आणि तो आला नाही की मला चुकल्यासारखं का होतं? हे प्रेम, की नुसतं जागरण? मला खरंच कळत नव्हतं.

एक तारखेला एक नवी सिस्टर हजर झाली. "मी चांगुणाताईंची बदली. त्यांच्या लग्नाच्या रजेपुरती." चांगुणा म्हणजे मीच; मला वाटलं, तिचाच काही घोळ झालाय. तिसऱ्या दिवशी तीही राजीनामा देऊन गेली.

मी तडक ऑफिसात. "कोणाचं लग्न हो?"

"तुमचं. तुम्हीच बदली मागितलीत ना? तुमच्या जागी माणूस."

"मी *माझी* बदली मागितली. बाळंतिणींच्या वॉर्डात."

शिरसाठ हळूच खाली बसले. "म्हणजे... लग्न नाही?"

"नाही."

"मग माझं चुकलंच." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "मीही बदली मागितली होती. मंजूर झाली. सोमवारी मनमाडला हजर व्हायचंय."

"पण का?"

"तुम्ही मंगळसूत्र घालून मस्टरवर सही करायला आला असतात... मला नसतं बघवलं."

मी तो कागद उलटा करून ठेवला. "आणि माझा अर्ज?"

"नव्याने पाठवतो. पण खरं सांगू? तुमच्या वॉर्डात यायला कोणी तयार नाही. दुसरी टिकेपर्यंत तुम्हाला सोडणार नाहीत."

म्हणजे मी तिथेच आणि हे चालले. मी खुर्ची ओढली, बसले आणि रडायला लागले. कुसाबाईंसाठी, त्या चौघींसाठी, या वेड्या माणसासाठी... किती वेळ, देव जाणे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि पाण्याचा पेला ठेवला. गप्प बसा असं म्हणाले नाहीत.

डोळे पुसताना मी हसले. रडू आलं होतं ना मला.

"मनमाडला तुमचं कोणी आहे?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आई-दादा. दादा, म्हणजे वडील, रेल्वेत आहेत."

"त्यांना जाऊन भेटलो तर... चालेल?"

"चालेल."

"आणि ते म्हणाले, मुलीला विचारलंत का?"

"सांगा, विचारलं. पोरगी दमलीय, गोंधळलीय, वॉर्ड सुटेल तेव्हा सुटेल..." मी पेला खाली ठेवला. "पण हो म्हणालीय."