पानात उरलेली मेथी

झाकणी खणकन वाजली आणि माझा हात ताकभातातच थांबला.

सासूबाई पुराणाला गेल्या होत्या. घर अगदी निपचित. मी चुलीपुढं एकटीच जेवत होते — आणि पाण्याच्या घागरीपाशी हे! लग्नाला वर्ष झालं होतं, पण हे मुंबईला डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात. सुट्टीत घरी आले तरी आमचं बोलणं म्हणजे नजर भिडली की पदर सावरणं...

झाकणी उचलत त्यांनी विचारलं, "एवढंच जेवण?"

"सगळं जेवले मी."

"काय काय?"

ताक, भात, मीठ... त्यात सांगायचं काय?

ते उंबऱ्यावरच टेकले. "कॉलेजात एकेक हाड पाठ करून घेतलं आमच्याकडून. खाण्यावर मात्र एकच व्याख्यान. अर्धा वर्ग झोपलेला."

"आणि तुम्ही?"

"जागा होतो. मास्तर म्हणाले, बाई काय खाते ते तिलाच विचारा. आणि विचारताना सासूला बाहेर बसवा."

मला हसू फुटलं. "म्हणून आज पुराणाचा मुहूर्त वाटतं!"

"आपल्याकडे धारवाडात कुंपणावरून जो तो कानडीत विचारतो, 'ऊट आत?' जेवण झालं का म्हणून. उत्तराला कोण थांबतं? मी थांबलोय."

खरंच थांबले. माझ्यासाठी असं कुणी थांबलंच नव्हतं...

"भाजी उरत नाही," मी हळूच म्हटलं.

ते जेवून उठले की मी त्यांच्याच पानावर जेवायची, रीतच ती. दुसऱ्या दिवशी पानात भाताखाली मेथीची भाजी दडवलेली! मग कधी दही, कधी शेंगाचटणी.

"प्रभंजना, मुंबईनं जीभ बिघडवली तुझी," सासूबाई वैतागल्या. "आवडती मेथी टाकतोस?"

"वाढ गं आई अजून," हे म्हणाले — आणि दाराआड माझ्याकडे एक चोरटी नजर.

पान उचलताना मी कुजबुजले, "तुम्ही उपाशी राहाल अशानं."

"डॉक्टरला औषध कशाला लागतंय?"

मग लढाई आली. डॉक्टर होताच हे फौजेच्या इस्पितळात रुजू झाले. अनू तेव्हा पोटात. धारवाड स्टेशनावर वडीलधाऱ्यांसमोर बोलणार काय? गाडी हलली तसे खिडकीतून म्हणाले, "जेवत जा."

सगळ्यांना ते डॉक्टरचं बोलणं वाटलं. मला मात्र जे ऐकायचं होतं, ते ऐकू आलं.

आता मी वेगळं पान घेते. भाजी माझी मीच वाढून घेते. सासूबाई बघतात, अडवत नाहीत. पोट भरतं. पण आधी त्या कोऱ्या पानाकडे बघत थोडा वेळ नुसतीच बसते... ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून यांची दिवाळीपासून काही खबर नाही. अनूला अप्पा ठाऊक आहेत ते तसबिरीतले. त्यांच्याजवळ तिचा फोटो आहे तो पाळण्यातला.

आज तिनं भाजीवरून तोंड फिरवलं.

"खा गं राणी. लवकर मोठी होशील."

तिनं घास हातातच धरला.

"आई... मी मोठी झाले, तर अप्पा मला ओळखतील कसे?"