टँकरच्या काचेतून काढलेला फोटो

चौदा मार्च, दुपारचे सव्वातीन. बीड, नबीचाचांची मागची खोली. वीज गेलेली, पंखा बंद.

शिवकन्यानं पोस्टानं आलेला फोटो त्यांच्यापुढे ठेवला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. विमानांना इंधन देणाऱ्या टँकरच्या काचेतून टिपलेलं लढाऊ विमान. खाली स्टिअरिंगवर एक हात, मनगटावर गोंदलेलं ‘शिवकन्या’. तो टँकर चालवणाऱ्या तिच्या वडिलांचा, धोंडीरामचा हात. एकाहत्तरच्या लढाईत आठ डिसेंबरच्या रात्री ते हवाईतळावरून पळाले, असा त्यांच्यावर शिक्का होता. त्यांच्या गावी, पालीत, लढाईत गेलेल्या जवानांच्या नावांचा दगड बसणार होता. त्यावर त्यांचं नाव घ्यायला गाव तयार नव्हतं.

“कोणतं विमान, कोणता दिवस, एवढं सांगा चाचा.”

चाचांची उभी हयात विमानांच्या दुरुस्तीत गेलेली; त्या लढाईत ते धोंडीरामबरोबर त्याच तळावर होते. त्यांनी भिंग धरलं.

“लोक ह्याला मिग म्हणतेत. येडे हायेत. मिगचे पंख तिकोनी. ह्याचे मागं रेललेले, पाठीवर दोन लांब नळ्या... रशियाचं सुखोई-सात. अन् शेपटीवर ठिगळ हाय ना? मीच मारलेलं. नऊ तारखेला, सकाळी.”

बोलण्याच्या भरात ते हसले. शिवकन्या हसली नाही.

“मंग नऊला बाबा टँकरवरच होते. आठला पळाले म्हणून जबाब कुणी दिलता, चाचा?”

खोलीत रॉकेलसारखा वास आला. घरात रॉकेल नव्हतं. वास वाढत गेला, डोळ्यांना झोंबू लागला. भिंग विमानावरून सरकलं, एका पाठमोऱ्या माणसावर थांबलं. त्याच्या बोटांत बिडी होती.

“ह्यो... मीच हाय.”

“मंग?”

“टँकर पेटला, पोरी... माझ्या बिडीनं. तो आतच... हाडंबी वेगळी निघाली न्हाईत. बाँब पडला म्हणलो. अन् हा आदल्या राती पळाला, असा जबाब मीच दिला...”

चोपन्न वर्षं हा माणूस दर ईदला शिवकन्याच्या घरी शिरखुर्म्याचा डबा आणत होता. आई तो डबा घासून, साखर भरून परत द्यायची. पळालेला नवरा कधीतरी येईल म्हणून ती मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. हे तो दरवर्षी समोर बसून बघत होता.

शिवकन्यानं कागद पुढं सरकवला. “लिहा.”

चाचांनी सगळं लिहिलं. शेवटचं तर तिनं विचारलंही नव्हतं : धोंडीरामनं लपवून आणलेला कॅमेरा राखेत वितळलेला सापडला, तो फिल्मसकट मीच विहिरीत टाकला.

गावानं जबाब मानला. दगडावर नाव आलं. तो फोटो कोणत्या फिल्मवरून धुतला आणि कोणी, हे आजवर कोणीही सांगितलेलं नाही.