पेनीव्हिसलमधला उंदीर

विल्फ पहिल्यांदा भेटला तेव्हा मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जमिनीवर गुडघे टेकून मासेमारीच्या पुस्तकांत डोकं खुपसलं होतं, आणि माझ्या केसांतून पाणी टपकत होतं.

"मासे पकडता का तुम्ही?" मागून आवाज आला.

"नाही. पाव भाजते."

"मग इथे... गळांच्या पुस्तकांत?"

"मी सगळीकडे शोधते," मी मान न वळवता म्हटलं. "लोक पुस्तकं कुठेही कोंबतात."

आणि तेवढ्यात माझ्या बोटांना तो जाड, खरबरीत पुठ्ठा लागला. बाकी कुठल्याच पुस्तकाचा पुठ्ठा तसा लागत नाही. मी श्वास रोखून ओढलं... पेनीव्हिसल! ट्राउट माशांवरच्या दोन पुस्तकांच्या मधोमध, मुकाट्याने बसलेला.

पेनीव्हिसल म्हणजे आमच्याकडे नाताळला निघणारा मुलांचा वार्षिक अंक. बंद पडूनही जमाना झाला. गोष्टी, कोडी, विणायच्या टोप्या आणि मधे मोठाली रंगीत चित्रं. त्या प्रत्येक चित्रात चित्रकाराने एक उंदीर लपवलेला असतो. नखाएवढा. तो शोधायचा. मला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा आत्याने कुठून तरी एक जुना अंक आणून दिला होता. अंगावरच्या फोडांकडे लक्ष न देता मी उंदीर शोधत बसले आणि त्यातच बरी झाले. तेव्हापासून मला हे वेड आहे.

आता मी सव्वीस वर्षांची, इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदराच्या गावी एका बेकरीत कामाला, आणि खाऊच्या डब्यात साठवलेली चिल्लर हे माझं संग्रहाचं बजेट. इंटरनेटवर मिळतात की पेनीव्हिसल, कोरे करकरीत! पण त्या किमतीत माझ्या खोलीचं भाडं निघेल. त्यामुळे कोऱ्या प्रती श्रीमंतांच्या, आणि माझ्या वाट्याला जॅम सांडलेल्या, पाठ उसवलेल्या. तेही चालतं. चालत नाही ते एकच. मी पहिलं रंगीत पान उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"डेरिक, मेल्या!"

"डेरिक कोण?" तो आता समोर येऊन उभा होता. उंच, किंचित वाकलेला, मनगटावर निळ्या रंगाचे डाग. दुकानाचा बिल्ला छातीवर तिरका लागलेला: विल्फ. "तुमचे... मित्र का?"

मी पुठ्ठ्याच्या आतलं नाव दाखवलं. डेरिक, वय नऊ. डेरिकने प्रत्येक उंदराभोवती पेन्सिलीने मोठ्ठा गोल काढून ठेवला होता. "याने सगळे उंदीर शोधून टाकले. आता मी काय शोधू? डेरिक आता सत्तरीचा असेल, पण भेटला तर कान उपटीन त्याचा."

"सत्तरीचा," विल्फ म्हणाला. "बरं झालं." आणि त्याचे स्वतःचेच कान लालेलाल झाले.

हे दुकान पिकर्सगिलबाई बेवारस मांजरांच्या मदतीसाठी चालवतात. लोकांनी दिलेले कप, कोट, पुस्तकं विकायची आणि मांजरांना मासे घालायचे. विल्फ एरवी बंदरावर होड्या रंगवायचा. पाऊस असला की रंग वाळत नाही, म्हणून पावसाच्या दिवशी तो इथे फुकट राबायचा. व्हिटबीत पावसाला तोटा नाही. तरी मी त्या महिन्यापासून सकाळी उठल्या उठल्या खिडकीचा पडदा सारून ढग बघायला लागले, आणि ऊन दिसलं की माझं तोंड उतरायचं.

पावसाच्या दिवशी काम संपलं की मी थेट दुकानात. आणि काय नशीब फळफळलं होतं माझं! एक पेनीव्हिसल स्वयंपाकाच्या पुस्तकांत सापडला. एक शिवणकामात. एक तर घोड्यांच्या आजारांवरच्या ग्रंथामागे.

"तुला वास येतो की काय?" विल्फ म्हणायचा. 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं.

"येतो. जुना कागद, आणि थोडा जॅम."

"माझा येतो का?"

"येतो. होड्यांच्या रंगातल्या टर्पेंटाइनचा."

"चांगला की वाईट?"

"सवय होतेय..." मी म्हणायचे, आणि मग उगाचच कपबशा निरखायचे.

दुकान बंद झालं की आम्ही धक्क्यावर बसून एकाच कागदातले गरमागरम बटाट्याचे चिप्स खायचो. तो सीगल पक्ष्यांना हाकलायचा आणि मी व्हिनेगर लागलेली बोटं रुमालाला पुसून त्याला उंदीर दाखवायचे. माझ्याकडे आता बरेच अंक झाले होते, पण एक कुठेच मिळत नव्हता. तो म्हणजे हिरव्या पुठ्ठ्याचा. तो निघाला त्या साली छापखान्याच्या गोदामात पाणी शिरलं आणि बहुतेक प्रती भिजून गेल्या. हिरवा मी फक्त फोटोत पाहिला होता.

"तो मिळाला तर?" त्याने एकदा विचारलं.

"मिळाला तर मी बेकरीच्या छपरावर नाचेन. पण मी स्वतः शोधला पाहिजे हं. आयता नको."

त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं, सीगलकडे बघतोय.

मग एका गुरुवारी बेकरीतलं पीठ संपलं आणि मला लवकर सुट्टी मिळाली. भुरभुर पाऊस होता. मी धावतच दुकानापाशी आले, आणि काचेतून आत पाहिलं. विल्फ प्रार्थनेच्या पुस्तकांसमोर उभा होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोटाखालून एक पेनीव्हिसल काढला आणि अलगद दोन प्रार्थनांच्या मधे सरकवला.

मी दार ढकललं.

"हे काय चाललंय?"

"कुठे काय..." तो दचकून वळला. "हेटी! आज लवकर?"

"स्वयंपाकातला तूच ठेवलास? शिवणकामातला? घोडेही तुझेच?"

त्याने मान खाली घातली. "पहिला नाही. मासेमारीतला तू खरंच शोधलास. बाकीचे... अगं, तो ग्रीव्ह रोज दार उघडायच्या आत हजर असतो. जुन्या पुस्तकांचा व्यापारी. मुलांचं कपाट साफ करून जातो. आणि कोणासाठी काही बाजूला ठेवलं तर पिकर्सगिलबाई मला हाकलून देतील, तसा नियमच आहे. मग म्हटलं, बाजूला कुठे ठेवतोय? कपाटातच आहे... फक्त दुसऱ्या कपाटात."

"मी बेकरीभर मिरवत होते, विल्फ! माझं नाक, माझी नजर! आणि तू मला बाळासारखं खेळवत होतास!"

"तुला सापडलं की तू जी हसायचीस ना..." तो अगदी हळू म्हणाला. "ते बघायला मला आवडायचं."

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. विरघळलेही थोडी, आणि म्हणूनच जास्त चिडले.

"तू डेरिक आहेस!" मी ओरडले. "माझ्या प्रत्येक उंदराभोवती तू गोल काढून ठेवलास!"

पिकर्सगिलबाई आतून डोकावल्या. "कोण डेरिक? आपल्याकडे डेरिक नाही, बाळ." पण तोवर मी रस्त्यावर होते.

त्यानंतर पाऊस पडत राहिला आणि मी गेले नाही. पाव भाजले, बन भाजले, दोनदा करपवले. घरी कपाटातले ते अंक बघितले की रडू यायचं. खरं सांगायचं तर पुस्तकांसाठी नाही. मला त्याची आठवण येत होती, त्याच्या लाल कानांची, आणि त्या टर्पेंटाइनच्या वासाचीसुद्धा.

दुकानावरून जायचं झालं तर मी समोरच्या फुटपाथने जायचे, मान ताठ ठेवून. एका मंगळवारी मान वळली. आपोआप.

काचेत, लोकरीची टोपी आणि चहाची किटली यांच्या मधे, हिरवा पेनीव्हिसल उभा होता.

मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. समोर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती: काचेतल्या वस्तू शनिवारी सकाळीच मिळतील, आधी येणाऱ्याला आधी. सगळ्यांना दिसेल असा, भर रस्त्यावर मांडलेला. माझ्या शेजारी मेणकापडाचा कोट घातलेला एक म्हातारा काचेला नाक लावून उभा होता. ग्रीव्हच. त्याने समाधानाने घसा खाकरला.

आत विल्फने मला पाहिलं. त्याचा हात हलला, जणू दाराकडे यावं... मग त्याने तो मागे घेतला आणि मुकाट्याने कपबशा पुसायला लागला. मी आयता नको म्हटलं होतं, म्हणून त्याने आयता दिला नव्हता. मला त्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की मी तिथेच काचेवर डोकं टेकलं.

शनिवारी बेकरीत मुंगीला शिरायला जागा नसते. मालकीणबाईंच्या हातापाया पडून मी निसटले आणि एप्रनसकट धावत सुटले. चढ, पायऱ्या, पाऊस. दुकानापाशी पोचले तर दारात थर्मास घेऊन ग्रीव्ह उभा.

"उशीर केलास, पोरी," तो म्हणाला. "मी पहाटेपासून आहे."

दार उघडलं. विल्फचा चेहरा पांढराफटक होता. ग्रीव्ह थेट काचेकडे गेला, हिरवा अंक उचलला, चष्मा चढवला. मी दारातच थांबले. पुढे जाऊन करणार काय? तो आधी आला होता.

त्याने एक पान उलटलं. मग दुसरं. मग त्याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं.

"अरेरे! शाईने नाव... पॉलीन थ्वेट, वय आठ. आणि हे गोल! पानोपानी गोल! घोडा जांभळा रंगवलाय कार्टीने!" त्याने अंक काउंटरवर आपटला. "याला गिऱ्हाईक कुठलं मिळणार? फुकट भिजलो." आणि छत्री झटकत तो निघून गेला.

मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी तो अंक छातीशी धरला. घोडा जांभळा असू दे. माझा होता तो.

"दोन पौंड," विल्फ म्हणाला.

"आत काय आहे, तुला माहीत होतं?"

"किंमत लिहायला उघडावंच लागतं. पण ग्रीव्ह काय करेल ते माहीत नव्हतं."

"मग लपवायचा होतास!"

"तू नको म्हणालीस ना," तो म्हणाला.

मी एप्रनच्या खिशातली चिल्लर काउंटरवर ओतली. तिला पीठ लागलं होतं. "मी फार बोलले त्या दिवशी, विल्फ. चिप्स खायला येशील?"

"येतो," तो म्हणाला, आणि तिरका बिल्ला उगाचच सरळ केला.

"जा रे बाबा, जा," पिकर्सगिलबाई आतून म्हणाल्या. "मांजरांवर उपकार होतील."

पॉलीन थ्वेटने सगळे उंदीर गोलांत पकडले होते. एक सोडून. बंदरावरच्या जत्रेच्या पानावर गोल नव्हता, कोपऱ्यात फक्त एक भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं. पॉलीन हरली होती! म्हणजे एक उंदीर अजून मोकळा होता, माझ्यासाठी.

दर रविवारी दुपारी विल्फ माझ्या स्वयंपाकघरात यायचा. चहाची किटली मधे, पुस्तक किटलीला टेकवलेलं, आमची डोकी एकमेकांना चिकटलेली. शोधण्यात तो अगदीच कुचकामी.

"ढगांत असेल का?"

"ढगांत उंदीर कसा असेल, वेड्या?"

"मग त्या होडीत?"

"होडी तू गेल्या रविवारीही बघितलीस."

"होडीचा रंग बघत होतो," तो म्हणायचा आणि माझ्या केसांतलं पीठ झटकायचा. शोध तिथेच थांबायचा, बराच वेळ.

नाताळ गेला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, बाहेर गारांचा मारा चालू असताना, मी पुन्हा त्या पानाकडे बघत होते. चित्रात सगळी माणसं मान वर करून आकाशातला फुगा बघताहेत, म्हणून मीही आजवर फुग्याभोवतीच शोधत होते. पण गर्दीच्या कडेला लाल मफलरवाला एक मुलगा होता. तो एकटाच फुग्याकडे बघत नव्हता. तो शेजारी उभ्या असलेल्या, बन खाणाऱ्या मुलीकडे बघत होता. आणि त्याच्या कोटाच्या खिशातून... दोन कान.

"सापडला!" मी किंचाळले. "विल्फ, सापडला! खिशात! त्या मुलाच्या खिशात बसलाय!"

मी मान वर केली. विल्फ पुस्तकाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी हळूच विचारलं, "तुला केव्हा दिसला?"

"कोणाला, मला? आत्ताच की..."

"विल्फ."

त्याने चमच्याने रिकामा कप ढवळला. "किंमत लिहिली त्या दिवशी."

"इतके महिने! इतके रविवार! आणि होडीत बघ म्हणे, ढगांत बघ म्हणे!"

"उंदीर तुझा होता," तो म्हणाला. "आणि सापडला असता तर रविवार संपले असते."

"मूर्खा," मी म्हटलं. "मी तुझ्या प्रेमात आहे. घोड्यांच्या आजारांपासून आहे. रविवार कसे संपतील?"

"मी मासेमारीपासून," तो म्हणाला. मग त्याने पुस्तक बाजूला सरकवलं. किटलीतला चहा गार झाला.

नंतर मी खणातून पेन काढलं. पुस्तकात काही लिहिलं की त्याची किंमत जाते, हे संग्राहकाला सांगावं लागत नाही. मी पुठ्ठा उघडला आणि पॉलीन थ्वेटच्या खाली, शाईने, माझं नाव लिहिलं. मग पेन विल्फकडे सरकवलं.

"नक्की?" त्याने विचारलं. "मग हा कधीच विकता येणार नाही."

"लिही," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. जत्रेच्या पानावर मात्र आम्ही काहीच लिहिलं नाही. त्या उंदराभोवती कोणी गोल काढला नाही.