एल्वीराचं खमीर

धुकं इतकं दाट होतं, की हातातला कोयता दिसत होता, पण समोरची फांदी दिसत नव्हती. मी काटेरी जुनिपरच्या झुडपांत उभा होतो, आणि पलीकडून एल्वीरा गुणगुणत होती.

एल्वीरा माझी बायको. तिला जाऊन त्या शनिवारी वर्ष होणार होतं.

मी हललो नाही. तेच गाणं, पिंप ढवळताना ती म्हणायची ते. मधली एक ओळ तिला कधी आठवायची नाही, ती नुसतीच हं-हं करून पुढे जायची. धुक्यातला आवाजही त्याच ओळीवर हं-हं करून पुढे गेला... माझ्या पायाखाली काटकी मोडली.

"कोण आहे?" आवाज थांबला. "माणूस असाल तर बोला. नसाल तर माझी फांदी तेवढी सोडा."

"माणूस," मी म्हणालो. "पोविलास."

"अगं बाई! एल्वीराचा पोविलास?" धुक्यातून आधी लाल रुमाल आला, मग बाई आली. नदीपलीकडची विलिया. घरोघरचं दूध गोळा करायची गाडी चालवते. मला तिची ओळख गाडीच्या आवाजापुरतीच. "असे काय बघताय? भूत बघितल्यासारखे?"

"ते गाणं..."

"तिनेच शिकवलं. गाणंही आणि बिअरही." मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या फांद्यांकडे गेलं. "म्हणजे वर्षाच्या जेवणाची बिअर तुम्ही करणार?"

"करायची आहे. पण खमीर मेलंय."

आमच्याकडे वर्षाच्या जेवणाला घरचीच बिअर लागते. पहिला पेला गेलेल्या माणसाचा, तो दाराबाहेर मातीत ओततात. एल्वीराच्या आईचं खमीर तिच्याकडे आलं होतं, आणि विहिरीत टांगलेल्या बरणीत ते इतकी वर्षं जगलं होतं. ती गेल्यावर मी बरणीकडे बघितलंच नाही. बघितली तेव्हा आत काळं पाणी होतं.

"माझ्याकडे आहे," विलिया म्हणाली. "तिनेच दिलेलं. संध्याकाळी या. पण एक लक्षात ठेवा, पोविलास... खमीर नेताना आभार मानायचे नाहीत. मानले तर ते उठत नाही, फेसच धरत नाही."

"माहीत आहे."

माहीत होतंच. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तरी संध्याकाळी तिच्या फाटकातून बरणी घेऊन निघताना माझ्या तोंडून गेलंच, "आभारी आहे." वर्षभर मी तेवढंच बोलत आलो होतो. लोक भेटायला यायचे, हात दाबायचे, मी म्हणायचो आभारी आहे. जीभ आपोआप वळायची. विलियाच्या ओठाचा कोपरा जरा हलला. तिने फाटक लावून घेतलं.

बिअर उठली नाही. पिंपावर टाकलेलं फडकं दुसऱ्या दिवशीही सपाट होतं. खाली माल्टचा, मोड आलेल्या जवाचा रस गार पडला होता, नुसता गोडमिट्ट. घरात आवाज नव्हता. फक्त अंधारून येताना पिंपाच्या झाकणावर आतून कोणी बोट आपटावं तसं टक् झालं... एकदाच. मी झाकण उचललं. काही नव्हतं.

मी नदीपलीकडे गेलो. विलिया गाडीचे कॅन धूत होती.

"उठलं नाही ना?" तिने वर न बघताच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही आभार मानलेत. फाटकाशी."

"आणि तुम्ही ऐकलंत? मग तेव्हाच का नाही सांगितलं? दुसरं दिलं असतंत!"

आता तिने वर बघितलं. हात ओले, गालावर फेस. "सांगितलं असतं, तर परत आला असतात?"

 माझे कान गरम झाले.

"असू दे," ती हसली, आणि मग हसू गेलं. "पण आता बरणीच्या तळाशी उरलंय तेवढंच आहे. हेही गेलं, तर एल्वीराची बिअर संपली. कायमची. म्हणून मी स्वतः येते. तुम्ही तोंड बंद ठेवायचं."

ती आली. आल्याआल्या तिने पिंप उलटं केलं, बिघडलेला रस डुकरांना घातला, उकळत्या पाण्याने पिंप घासलं. तळाशी राय धान्याचा पेंढा पसरला, त्यावर जुनिपरच्या फांद्या, मधोमध बुडाच्या भोकात बुचासारखा लांब दट्ट्या. मी लाकडं आणली, पाणी आणलं. फडकं कुठे, डाव कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. तिचा हात आपोआप तिथे जात होता.

"या घरात किती वेळा आला आहात तुम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही लाकडाच्या कारखान्यात असायचात तेव्हा... खूपदा. तोंड बंद म्हटलं होतं ना?"

पाणी उकळलं की आमच्याकडे लगेच माल्ट टाकत नाहीत. थांबायचं. वाफ विरळ होत जाते, आणि पाण्यात आपला चेहरा नीट दिसला की वेळ झाली. हे बघणं एल्वीराचं काम. पहिल्या खेपेला मी अंदाजाने टाकलं होतं. मला चेहरा दिसलाच नव्हता.

"या," विलिया म्हणाली. "बघा."

आम्ही दोघे वाकलो. वाफ, नुसती वाफ. मग माझं कपाळ दिसलं, नाक दिसलं. बाजूला तिचा लाल रुमाल, तिचे डोळे. पाण्यातले डोळे माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांना बघू दिलं... आणि आमच्या दोघांच्या मधे, जरा मागे, पांढरं काहीतरी होतं. रुमालासारखं. हनुवटीखाली गाठ मारलेलं, एल्वीरा बांधायची तसं.

"मागे बघू नका," विलिया अगदी हळू म्हणाली.

"तुम्हालाही..."

"माल्ट टाका, पोविलास. वेळ झाली आहे."

मी टाकलं. पाणी गढूळ झालं. मागे खोलीत फक्त खुर्ची होती.

 भिजलेल्या माल्टच्या लगद्याचे जाड पाव थापले, भट्टीत काळपट होईपर्यंत भाजले, पिंपात मोडून टाकले. दट्ट्या उचलला तसा पेंढ्यातून रस गाळून आला, तांबूस, जळक्या साखरेच्या वासाचा. हॉपच्या फुलांचं कडू पाणी त्यात गेलं. कोमट झाल्यावर विलियाने बरणी रिकामी केली. मी दात घट्ट मिटून उभा होतो. जाताना दारात ती म्हणाली, "शहाणे आहात," आणि माझ्या बाहीवरचा माल्टचा भुगा झटकला. बाही झटकून झाली तरी हात तिथेच होता, थोडा वेळ.

सकाळी पिंप बोलत होतं.

सगळीच पिंपं बोलतात. फेस चढतो, फुटतो, पुटपुटतो. पण हे पुटपुटणं मला ओळखीचं होतं. एल्वीरा शेजारच्या खोलीत स्वतःशीच बोलायची, शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. तीच चाल. मी खोकलो की पिंप थांबायचं. मी गप्प झालो की पुन्हा सुरू. माझी पाळी झाली, आता तिची, असं. मी खुर्ची ओढून बसलो. कामावर गेलो नाही. तिला दुधाच्या गाडीबद्दल सांगितलं, धुक्याबद्दल सांगितलं. लाल रुमालाबद्दल सांगितलं तेव्हा पिंप फार वेळ गप्प राहिलं.

फेस खाली बसू लागला, की बाटल्या भरायच्या. उशीर केला तर बिअर आंबते, फुकट जाते. फेस बसला. मी भरली नाही. बाटल्यांत गेल्यावर ती बोलणार नव्हती.

शुक्रवारी विलिया बाटल्यांचे क्रेट घेऊन आली. अंगणात तिची पावलं वाजली, आणि पिंप एकदम थांबलं.

"हे काय?" तिने फडकं उचललं. "काल भरायला हवी होती ही! उद्या लोक जेवायला येणार, त्यांना काय आंबवणी देणार?"

"अजून बोलते आहे."

मला वाटलं ती हसेल. ती गुडघ्यांवर बसली, पिंपाला कान लावला. बऱ्याच वेळाने आतून बारीक पुटपुट सुरू झाली.

"चाल तिचीच आहे," ती म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता. "पोविलास, मला भीती वाटते. मी तिच्या फडक्याला हात पुसते, तिच्या डावाने ढवळते... आणि रोज पुलावर गाडी आली की तुमच्या धुराड्याकडे बघते. हे तिला कळलं असणार."

"बघता म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते! याहून किती सांगायचं बाईने?" ती उठली. "मी बाटल्या ठेवून जाते. भरायच्या की हिच्याशी बोलत बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवायचं नाही ते. पण आंबली तर उद्या तिच्या वाट्याला काही उरणार नाही. मातीत ओतायलासुद्धा."

ती दाराशी पोचली होती. पिंप पुटपुटत होतं, हळू, दमल्यासारखं. मी क्रेटमधली पहिली बाटली घेतली. 

"नळी धरायला कोणीतरी लागेल," मी म्हणालो.

विलिया परत आली. ती नळी धरायची, मी बाटली. मी बुचाचा चाप दाबायचो, ती पुसायची. आमची बोटं एकमेकांवर चढत होती, चिकट झालेली. पिंपात पातळी उतरत होती तसा आवाज वाढत गेला, मग घोगरा झाला, मग मधे मधे थांबू लागला. शेवटच्या बाटलीला तळाचा गाळ ढवळला, एक मोठा बुडबुडा वर आला, आणि फुटला.

बस्स.

घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. छपरावरून धुक्याचे थेंब ठिबकत होते, तेही लांबचे वाटत होते. बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मी जमिनीवर बसलो, आणि मला वाटलं आता कोसळणार. विलियाने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. शेजारी येऊन बसली फक्त, खांद्याला खांदा लागेल इतकी.

"जाऊ मी?" तिने विचारलं.

"नको. थांब... बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. तुझं."

 मी तिच्या बाजूला वळलो तेव्हा ती माझ्याकडे नव्हे, रिकाम्या पिंपाकडे बघत होती, परवानगी मागावी तसं. पिंप गप्पच होतं.

"माझी बकरी आहे ना," ती म्हणाली, "ती काल छपरावर चढली."

"छपरावर?"

"छपरावर. आणि उतरेना. मी शिडी लावली, तर ती शिडीकडे बघते आणि माझ्याकडे बघते, जणू मीच वेडी..."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती.

"मग?" मी म्हणालो.